थिंकपॅड टी४३०: सगळे स्क्रू काढूनही कीबोर्ड उचलला जात नाही, रॅम वाढवायची आहे

पेढीवरचा दिवाणजी, सांगली

नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानात मी हिशेबाचे काम पाहतो. दुकानात लिनोव्होचा थिंकपॅड टी४३० हा लॅपटॉप आहे. त्यात तिसऱ्या पिढीचा कोअर आय५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि विंडोज १०ची ६४ बिटची आवृत्ती आहे. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी आधीच बसवलेली आहे, त्यामुळे यंत्र सुरू व्हायला वेळ लागत नाही. अडचण येते ती सौदे सुरू असताना. टॅली, एक्सेलच्या मोठ्या फायली आणि ब्राउझर हे सगळे एकदम उघडे ठेवावे लागते, आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वापर नव्वद टक्क्यांच्या वर जाऊन बसतो. शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदासाठी, समोर उभा असतो आणि पडदा मात्र हलत नाही. परगावाहून माल घेऊन आलेल्या माणसाला असे ताटकळत ठेवणे मला योग्य वाटत नाही, म्हणून रॅम वाढवण्याचे ठरवले.

या मॉडेलमध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत. एक तळाच्या झाकणाखाली आणि दुसरा कीबोर्डच्या खाली. तळाचे झाकण उघडून पाहिले, तेव्हा तिथे ४ जीबीचे मॉड्यूल आढळले. टास्क मॅनेजर दोनपैकी एकच स्लॉट वापरात असल्याचे दाखवतो, म्हणजे कीबोर्डखालचा स्लॉट रिकामा असला पाहिजे. तिथे बसवण्यासाठी ८ जीबीचे एक मॉड्यूल आणून ठेवले आहे.

तळावर ज्या स्क्रूंजवळ कीबोर्डचे चिन्ह आहे, ते सर्व काढले. त्यानंतर कीबोर्ड पडद्याच्या दिशेने किंचित सरकवला की पुढची कड मोकळी होते, असे वाचले होते. डावी बाजू थोडी सरकते, पण उजवीकडचा खालचा कोपरा, म्हणजे बाणांच्या कळांजवळचा भाग, जागचा हलत नाही. कडेच्या फटीत पिवळसर तपकिरी थर दिसतो. दुकानातील जुन्या माणसांच्या सांगण्यानुसार मी येण्यापूर्वी या लॅपटॉपवर चहा सांडला होता आणि त्यानंतर कुठेतरी कीबोर्ड बदलूनही आणला होता. शिवाय हळदीची पूड आमच्याकडे हवेतच असते, ती प्रत्येक फटीत जाऊन बसते.

जोर लावला तर कीबोर्डची पातळ पत्र्याची चौकट वाकेल किंवा खालची केबल तुटेल, अशी भीती वाटते. हंगाम चालू असल्याने यंत्र बंद पडून चालणार नाही. कीबोर्ड सुरक्षितपणे कसा सोडवावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मिरजेचा कारागीर

दिवाणजी, तुम्ही जोर लावण्यापूर्वी थांबलात हे फार चांगले झाले. माझ्याकडे येणाऱ्या अशा यंत्रांपैकी कितीतरी यंत्रांत मूळ बिघाड किरकोळ असतो आणि खरे नुकसान उचकटण्यामुळे झालेले असते.

पहिली गोष्ट म्हणजे स्क्रूंची खात्री पुन्हा एकदा करा. तळाचे झाकण काढल्यावर जो भाग उघडा पडतो, तिथेही कीबोर्डचा स्क्रू असू शकतो आणि तो धुळीने भरला असेल तर चटकन दिसत नाही. ज्या यंत्राचा कीबोर्ड पूर्वी बदललेला आहे, त्यात मूळ स्क्रूऐवजी दुसऱ्याच मापाचा स्क्रू बसवलेला असण्याचीही शक्यता असते. टॉर्च तिरका धरून प्रत्येक भोक तपासा. स्क्रू निघाला आहे असे वाटते, पण तो भोकातच सैल फिरत राहिलेला असतो, असेही पुष्कळदा होते. तसे असेल तर यंत्र उलटे धरून हलकेच टिचकी मारली की तो खाली पडतो.

स्क्रू सगळे निघाले असतील, तर आता कीबोर्ड नेमका कशाने धरला आहे ते ओळखायचे. तुमच्या वर्णनावरून दोन शक्यता दिसतात. एक म्हणजे वाळलेला साखरेचा चहा, आणि दुसरी म्हणजे कीबोर्ड बदलताना कोणी लावलेली दुहेरी चिकटपट्टी. या दोन्हींचा उपाय वेगवेगळा आहे, म्हणून आधी ओळख पटली पाहिजे. जुने एटीएम कार्ड किंवा प्लास्टिकची पातळ पट्टी त्या कोपऱ्याच्या फटीत अगदी थोडी सरकवा आणि अंगठ्याने केसभर दाब द्या. साखर असेल तर बारीक कुरकुर आवाज येतो, कड थोडी सुटते आणि सुटलेली राहते. चिकटपट्टी असेल तर आवाज येत नाही. कड रबरासारखी थोडी वर येते आणि दाब काढताच पुन्हा जागेवर जाते. एवढे बोटाला कळले की पुढचे काम निम्मे झाले.

साखर असल्यास बरेच लोक लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोल ओततात. त्याने तेलकट घाण निघते, पण साखर त्यात जवळजवळ विरघळत नाही. साखरेला पाणीच लागते. बॅटरीच्या दुकानात किंवा गॅरेजमध्ये मिळणारे डिस्टिल्ड वॉटर कोमट करून घ्या. कापसाची काडी त्यात बुडवून बोटांनी पिळा, म्हणजे ती ओली राहील पण थेंब पडणार नाही, आणि फटीवर फिरवा. थोडा वेळ थांबा, थर मऊ होऊ द्या, काडी बदला आणि पुन्हा फिरवा. घाई केली तर पाणी आत उतरेल. थर निघाला की त्याच जागी अल्कोहोलची काडी फिरवायची, म्हणजे उरलेला ओलावा लवकर उडून जातो. हे सगळे करताना चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढलेली हवीत. या मॉडेलची बॅटरी बाहेरून खटका सरकवून निघते. ती काढल्यावर पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठून राहिलेला विद्युतभारही निघून जाईल.

आणखी एक गोष्ट सांगतो. थिंकपॅडच्या या मालिकेत कीबोर्डवर सांडलेले पाणी तळातून निघून जावे म्हणून निचऱ्याची छिद्रे ठेवलेली असतात. साधे पाणी त्यातून निघून जाते, पण साखरेचा चहा वाटेतच वाळतो आणि छिद्राच्या तोंडाशी बूच बसल्यासारखा घट्ट होतो. तळाकडून ती छिद्रे पाहून घ्या. तिथे तपकिरी डाग असेल तर चहाच आहे, असे समजायला हरकत नाही.

अजिंक्यतारा, सातारा

कारागीर साहेबांनी सांगितलेली पद्धत योग्यच आहे. मी महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेचे काम पाहतो, म्हणून रॅमच्या बाजूने काही मुद्दे मांडतो. कीबोर्ड सोडवण्यापूर्वी ते विचारात घेतले तर कदाचित हंगामात ते काम करण्याची वेळच येणार नाही.

तुमच्याकडे तळाच्या स्लॉटमध्ये ४ जीबी आहे आणि हातात ८ जीबीचे मॉड्यूल आहे. जुने मॉड्यूल काढून त्याच जागी नवे बसवले तर कीबोर्डला हात न लावता एकूण रॅम ८ जीबी होते. एकाच स्लॉटमध्ये मॉड्यूल असले तरी यंत्र चालते, हे तुमच्या आजच्या वापरावरून सिद्धच आहे. टॅली, एक्सेल आणि ब्राउझर एवढ्या कामाला ४ वरून ८ वर जाणे हाच सर्वांत मोठा फरक ठरेल. ८ वरून १२ वर गेल्याने तेवढा फरक जाणवणार नाही. दोन स्लॉटमध्ये दोन मॉड्यूल असली की प्रोसेसरला दोन मार्गांनी मेमरी वाचता येते आणि यंत्रातील एचडी ४००० ग्राफिक्स याच मेमरीवर चालत असल्याने त्याला लाभ होतो, हे खरे आहे. पण हिशेबाच्या कामात तो लाभ गौण आहे. म्हणून माझे मत असे की आज तळाचे मॉड्यूल बदलून घ्यावे आणि कीबोर्डचे काम हंगाम उतरल्यावर स्वस्थपणे करावे.

मात्र आणलेले मॉड्यूल योग्य आहे का, ते आधी पाहा. टी४३० हे २०१२ सालचे मॉडेल आहे आणि त्याला २०४ पिनांचे, लॅपटॉपच्या आकाराचे डीडीआर३ मॉड्यूल लागते. १.३५ व्होल्टचे डीडीआर३एल असेल तरी चालते, कारण ते १.५ व्होल्टवरही काम करते. लेबलवर पीसी३-१२८०० किंवा पीसी३एल-१२८०० असे लिहिलेले असावे. डीडीआर४ला २६० पिना असतात आणि त्याची खाचही वेगळ्या जागी असते, त्यामुळे ते या स्लॉटमध्ये बसणारच नाही.

दुकानदारही जी गोष्ट पुष्कळदा सांगत नाहीत, ती अशी. ८ जीबीची डीडीआर३ मॉड्यूल दोन प्रकारची मिळतात. एका प्रकारात दोन्ही बाजू मिळून मेमरीच्या सोळा चिप असतात आणि लेबलवर २आरएक्स८ असे छापलेले असते. दुसऱ्या प्रकारात आठच चिप असतात आणि लेबलवर १आरएक्स८ असते. आठ चिपांच्या मॉड्यूलमध्ये प्रत्येक चिप ८ गिगाबिटची असते आणि तिसऱ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा मेमरी नियंत्रक तेवढ्या क्षमतेची डीडीआर३ चिप हाताळू शकत नाही. असे मॉड्यूल बसवले की यंत्र सुरू होताना नुसते बीप वाजवते किंवा पडदा काळा राहतो, आणि माणूस समजतो की स्लॉट खराब झाला किंवा कीबोर्ड काढताना काहीतरी तुटले. तेव्हा लेबल वाचा आणि चिपा मोजा. चिपा सोळा नसतील तर मॉड्यूल बदलून आणा. या यंत्राला कंपनीने कमाल १६ जीबीची मर्यादा दिलेली आहे, म्हणजे प्रत्येक स्लॉटमध्ये ८ जीबी. १६ जीबीचे एकच मॉड्यूल घेऊन उपयोग नाही.

विंडोज ६४ बिटची आहे हे तुम्ही सांगितलेच, त्यामुळे ती शंका उरत नाही. ३२ बिटची असती तर ४ जीबीच्या पुढची रॅम वायाच गेली असती. पण विंडोज १०ला मिळणारे नियमित विनामूल्य संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर नाहीत. शेतकऱ्यांच्या बँक खात्यांचे तपशील ज्या यंत्रात आहेत, त्याच्या बाबतीत हा प्रश्न या हंगामानंतर तरी सोडवावा लागेल.

मिरजेचा कारागीर

सरांचा रॅमबद्दलचा सल्ला मला मान्य आहे, विशेषतः चिपा मोजण्याचा. माझ्याकडे आठ चिपांची मॉड्यूल घेऊन कितीतरी जण येतात आणि मदरबोर्ड गेला असे धरून चालतात. पण कीबोर्डचे काम लांबणीवर टाकण्याबाबत माझे मत वेगळे आहे.

रॅमसाठी कीबोर्ड काढण्याची गरज नसेल, हे खरे. चहासाठी मात्र तो काढलाच पाहिजे. वाळलेली साखर हवेतला ओलावा धरून ठेवते. उन्हाळ्यात ती कडक राहते आणि पाऊस लागला की पुन्हा ओलसर चिकट होते. त्या ओलाव्यातून वीज गेली की तांब्याच्या रेघा हिरव्या पडू लागतात आणि गंज कीबोर्डच्या कनेक्टरपर्यंत पोहोचतो. २०१९च्या महापुरानंतर सांगलीतून जी यंत्रे आमच्याकडे आली, त्यांत मी हेच पाहिले. पाण्यातून लगेच उघडून धुतलेली यंत्रे वाचली. तशीच वाळवून ठेवलेली यंत्रे आधी चालली आणि नंतर एकेक करून बंद पडली. तुमच्या यंत्रात घाण तेवढी नाही, पण प्रकार तोच आहे. रॅम आज तळाच्या स्लॉटमध्ये बदलून घ्या, पण कीबोर्ड पावसाच्या आधी उघडा.

उघडाल तेव्हा केबलची काळजी घ्या. या मॉडेलमध्ये कीबोर्डची केबल मदरबोर्डवर वरून दाबून बसवलेल्या कनेक्टरला जोडलेली असते. कड मोकळी झाली की कीबोर्ड झटकन वर उचलू नका. पुढची कड थोडी उचला, कीबोर्ड पडद्याकडे कलता करा, आत पाहा आणि कनेक्टर सरळ वर ओढून सोडवा. इतर अनेक लॅपटॉपमध्ये चपटी रिबन केबल असते आणि तिच्यावर बारीक काळी किंवा पांढरी पट्टी लावलेली असते, ती आधी नखाने उचलावी लागते. तशी सवय असलेला माणूस इथेही पट्टी शोधत बसतो आणि कनेक्टर तिरका करून बसतो.

कराडचा विद्यार्थी

मी अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहे आणि जुने लॅपटॉप दुरुस्त करण्याची आवड आहे. चिकटपट्टीच्या शक्यतेबद्दल थोडे लिहितो, कारण वर त्याचा उपाय आलेला नाही.

कड रबरासारखी ओढली जात असेल तर केस वाळवायचे यंत्र सर्वांत कमी उष्णतेवर ठेवून, हातभर अंतरावरून, सतत फिरवत त्या कोपऱ्यावर हवा द्यावी. आपला हात त्या हवेखाली सहज ठेवता आला पाहिजे, त्याहून अधिक उष्णता नको. डिंक मऊ झाला की कार्ड कडेने पुढे सरकवत न्यावे. इथे अल्कोहोल उपयोगी पडते, कारण ते चिकटपट्टीचा डिंक सैल करते. कार्डाच्या टोकाला थेंबभर लावून आत नेले की काम सोपे होते.

गंज काढण्यासाठी मिळणारे तेलकट फवारे मात्र कोणी सुचवले तरी वापरू नयेत. ते कळांच्या खालच्या रबरी घुमट्यांपर्यंत झिरपतात, रबर मऊ करतात आणि त्यावर हळदीची पूड बसली की तिचा लेप तयार होतो.

कारागीर साहेबांना एक विचारायचे होते. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरचे टोक घालून उचलले तर काम लवकर होते, असे अनेकांना करताना पाहिले आहे. त्यात खरोखर किती धोका आहे?

मिरजेचा कारागीर

धोका दोन प्रकारचा आहे. हाताखाली विश्रांतीसाठी जो प्लास्टिकचा भाग असतो, त्याच्या कडेखाली कीबोर्डचे आकडे अडकलेले असतात. लोखंडी टोकाने उचलले की आधी ती प्लास्टिकची कड पांढरी पडते, मग तुटते, आणि त्यानंतर कीबोर्ड कायमचा वर उचललेला दिसतो. दुसरा धोका म्हणजे टोक निसटले तर ते थेट मदरबोर्डवर जाते आणि तिथले मोहरीएवढे घटक एका ओरखड्यात निखळतात. प्लास्टिक वापरले तर निसटूनही फारसे काही होत नाही. म्हणून लोखंड नकोच.

पेढीवरचा दिवाणजी, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. यार्डाला सुट्टी होती, तेव्हा निवांतपणे काम केले. काय झाले ते सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

आणलेल्या मॉड्यूलवर २आरएक्स८ असे लिहिलेले होते आणि चिपा सोळा भरल्या. सरांच्या सांगण्याप्रमाणे ते आधी तळाच्या स्लॉटमध्ये बसवून पाहिले. यंत्र सुरू झाले आणि ८ जीबी दिसू लागली, म्हणजे मॉड्यूल चांगले आहे याची खात्री कीबोर्डला हात लावण्यापूर्वीच झाली.

त्यानंतर कीबोर्डकडे वळलो. कार्डाने दाब दिल्यावर कुरकुर आवाज स्पष्ट आला. तळाच्या एका निचऱ्याच्या छिद्रातही तपकिरी डाग होता. डिस्टिल्ड वॉटरच्या काड्या फिरवत गेलो, तेव्हा प्रत्येक काडी आधी गडद पिवळी आणि मग तपकिरी होऊन निघत होती. वर हळद आणि खाली चहा, असे थर होते. थर मऊ झाल्यावर दोन्ही अंगठे सर्वांत खालच्या कळांवर ठेवून कीबोर्ड पडद्याकडे ढकलला, तर तो कोपराही न अडता सरकला आणि पुढची कड आपोआप वर आली. चिकटपट्टी कुठेही नव्हती.

आतला रिकामा स्लॉट स्वच्छ होता. जुने ४ जीबीचे मॉड्यूल तिथे तिरके घालून खाली दाबले. दोन्ही बाजूंचे खटके एकदम बसले. आता एकूण १२ जीबी दिसते. कीबोर्डच्या पाठीवर उजव्या कोपऱ्यात साखरेचा चकचकीत थर होता, तोही पुसून काढला आणि कीबोर्ड रात्रभर पंख्याखाली ठेवल्यानंतरच जोडला.

एकच शंका उरली आहे. कीबोर्ड परत बसवल्यावर स्पेस बारच्या खालची कड मध्यभागी किंचित वर राहते आणि टाइप करताना तिथे लवचिक वाटते. कळा सर्व चालतात. हे असेच ठेवावे का?

मिरजेचा कारागीर

असेच ठेवू नका, कारण वर राहिलेल्या कडेतून हळद पुन्हा आत जाईल. पुढचे आकडे पूर्ण अडकलेले नाहीत. तळाचे कीबोर्डचे स्क्रू पुन्हा सोडवा. कीबोर्ड पडद्याकडे पूर्ण सरकवून सपाट बसवा आणि मग दोन्ही हातांनी सारख्याच दाबाने आपल्याकडे ओढून घ्या. पुढची कड प्लास्टिकखाली गेली की फट नाहीशी होते. त्यानंतरच स्क्रू घट्ट करा. आधी स्क्रू आवळले तर कीबोर्ड चुकीच्या जागीच धरला जातो. तरीही मध्यभाग वर राहिला, तर कीबोर्ड पुन्हा काढून प्लास्टिकच्या कडेखालचा खोबणीचा भाग पाहा. तिथे साखरेचा खडा राहिलेला असेल, तो ओल्या काडीने काढून टाका.

अजिंक्यतारा, सातारा

दोन वेगवेगळ्या क्षमतेची मॉड्यूल एकत्र चालवत आहात, म्हणून एक चाचणी अवश्य करावी. विंडोजमधील मेमरी डायग्नॉस्टिक सुरू केले की ते यंत्र पुन्हा चालू करून रॅम तपासते आणि दोष असल्यास कळवते. अधिक कसून तपासायचे असेल तर पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू ठेवा. एकही त्रुटी दिसली तर मॉड्यूल एकेक करून तपासा आणि जे दोषी ठरेल ते लगेच बाजूला काढा, कारण हिशेबाच्या यंत्रात खराब रॅममुळे फायलीतील आकडे कोणाच्या लक्षात न येता बिघडू शकतात. चाचणी पूर्ण होईपर्यंत टॅलीचा बॅकअप रोज वेगळ्या पेन ड्राइव्हवर घेत जा आणि आधीचा बॅकअप पुसू नका.

पेढीवरचा दिवाणजी, सांगली

कारागीर साहेब, खोबणीत खरोखरच साखरेचा एक खडा होता. तो काढल्यावर कड सपाट बसली. सर, मेमटेस्ट रात्रभर चालवली आणि एकही त्रुटी आली नाही. बॅकअप दोन पेन ड्राइव्हवर आलटून पालटून घेत आहे. आज सौद्याच्या वेळी सगळे प्रोग्रॅम उघडे असतानाही मेमरीचा वापर निम्म्यापर्यंतच गेला आणि पट्ट्या अडथळ्याविना निघाल्या.